हरकत मागे घेताना

ग्रंथालयानं पुस्तकं द्यावीत, सल्ले देऊ नयेत, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी जे सार्वजनिक वाचनालय आहे, त्याच्या कार्यकारी मंडळात मी आहे. त्याआधीचं आयुष्य बँकेत गेलं. त्यामुळे नोंदवह्या, जमाखर्च आणि जागच्या जागी वस्तू यांवर माझा जीव. पुस्तक दाखल नोंदवहीत चढलं, त्याला वर्गांक पडला, ते कपाटात आपल्या जागी उभं राहिलं आणि मागणाऱ्याच्या हातात वेळेवर पडलं, की ग्रंथालयाचं काम संपलं अशी माझी समजूत. ‘या महिन्याचा विषय’, ‘आम्ही सुचवतो’, ‘वाचक कट्टा’ हे सगळे प्रकार मला पुस्तकविक्रीच्या दुकानाला शोभणारे वाटायचे. मंडळाच्या सभेत तसा प्रस्ताव आला तेव्हा मी विरोधात बोललो आणि माझी हरकत इतिवृत्तात नोंदवून घेतली. आज ती मागे घेतो आहे. मात्र ती अगदीच उथळ नव्हती आणि तिच्यातला काही भाग मी अजूनही सोडलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे मुद्दे तीन होते. पहिला असा, की वर्गणी भरून येणारा सभासद म्हणजे शाळेतलं पोर नव्हे. कुणी काय वाचावं हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे मुळीच टंचाई नाही. त्यात वाचनालयानं भर कशाला घालायची? शिवाय विषय निवडणारा माणूसच असतो. त्याच्या आवडीनिवडी, त्याची जातपात, त्याचं राजकारण हळूच त्या टेबलावर येऊन बसणार. दुसरा मुद्दा शिस्तीचा. मेल्विल ड्युईनं 1876 मध्ये दशांश वर्गीकरण मांडलं, त्याचं मर्म हेच की प्रत्येक पुस्तकाला एक आणि एकच जागा असावी. तिथून ते उचलून शोभेसाठी टेबलावर ठेवलं, की कपाटात शोधणाऱ्याला मिळत नाही. तिसरा मुद्दा कार्यक्रमांचा. त्याबद्दल तर मी फारच कडवट होतो. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. प्रत्येक दिवसाचा फ्लेक्स, प्रत्येकाला उशिरा येणारे प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, आभार आणि चहा. कार्यक्रमाला आलेला माणूस जाताना पुस्तक घेऊन गेला, असं मी क्वचितच पाहिलं होतं. अहवालात उपक्रमांचं पान भरतं, एवढाच त्याचा उपयोग, असं मी सभेत बोललो होतो आणि दोन-तीन जणांनी मानाही डोलावल्या होत्या.

प्रस्ताव नव्यानं रुजू झालेल्या ग्रंथपाल मॅडमचा होता. त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही. सभा संपल्यावर एवढंच विचारलं, ‘‘सर, दुष्काळावर काही वाचायला द्या म्हणून कुणी आलं, तर त्याला कुठल्या कपाटातून काढून देऊ?’’

मी म्हणालो, 630 मध्ये शेती आहे, तिथलं काढून द्या. त्या म्हणाल्या, ‘‘तिथं ठिबक सिंचन आणि डाळिंबाची लागवड आहे. ‘बनगरवाडी’ 891.463 मध्ये आहे, ‘फकिरा’ तिथंच पण चार कप्पे खाली. ‘झोंबी’ चरित्रांत आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ तर स्वतंत्र नाहीच, महात्मा फुल्यांच्या समग्र वाङ्मयाच्या खंडात आहे. तो खंड काचेच्या कपाटात, कुलपात.’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचा जिल्हा म्हणजे अर्धा पाण्याचा आणि अर्धा कोरडा. इकडे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातल्या माणसाला दुष्काळ काय ते सांगावं लागत नाही. तिकडे कृष्णाकाठच्या गावांना पूर काय ते सांगावं लागत नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते आमच्या मिरजेहून. माणदेशचे व्यंकटेश माडगूळकर आणि वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, दोघेही याच मातीतले. आणि या गावच्या वाचनालयात दुष्काळ या विषयाला जागाच नव्हती. पुस्तकं होती, पण ती पाच कपाटांत पांगलेली. वर्गांकाची पद्धत चुकीची नाही. तिला एका पुस्तकाला एकच जागा देता येते, आणि चांगलं पुस्तक एका जागेत मावत नाही, इतकंच.

त्यानंतर मी देवघेवीच्या काउंटरजवळ जरा जास्त वेळ बसू लागलो. तिथं जे दिसलं त्यानं माझ्या पहिल्या मुद्द्याचा पायाच हलवला. आमच्याकडे मुक्तद्वार पद्धत नव्हती. कपाटं काउंटरच्या आत. सभासद येतो, पिशवीतून पुस्तक काढतो, काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, ‘‘काय आलंय?’’ आलंय म्हणजे नवीन खरेदी नव्हे. आलंय म्हणजे त्या दिवशी इतरांनी परत केलेल्या पुस्तकांचा ढीग. तो ढीग तो चाळतो, त्यातलं एक उचलतो, कार्डावर नोंद होते, माणूस घरी जातो. यादी बघणारे थोडे, नाव सांगून मागणारे त्याहून थोडे. म्हणजे आमच्या हजारो पुस्तकांपैकी गावात फिरत होती ती तीच तीच शे-दीडशे. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, कपाटात जायला त्यांना वेळच नाही. उरलेली कपाटं बंद ती बंदच.

वाचनालयानं शिफारस करू नये म्हणणारा मी, शिफारस रोज चालू आहे हे मला दिसलंच नव्हतं. ती ढीग करत होता. कुणी विचार न करता केलेली, कुणाची जबाबदारी नसलेली शिफारस. वाचक सुज्ञ असतो हे खरंच. पण समोर जे दिसतं त्यातूनच तो निवडतो. काय दिसावं हे ठरवायचं आम्ही टाळलं होतं आणि त्या टाळण्याला मी तटस्थपणा असं भारदस्त नाव दिलं होतं.

मग वार्षिक ग्रंथपडताळणी आली. या कामाला मी दरवर्षी आवडीनं बसतो. एक जण दाखल क्रमांक वाचतो, दुसरा नोंदवहीत खूण करतो. या खेपेला मी प्रत्येक पुस्तक मागून उघडलं. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, तीवर परतीच्या तारखेचे शिक्के. ‘माणदेशी माणसं’च्या चिठ्ठीवर जुन्या शिक्क्यांची दाटी, जांभळ्या शाईवर जांभळी शाई, आणि नंतर अचानक काही नाही. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची पुनर्बांधणी केलेली प्रत, बांधणीचा खर्च आमच्या वहीत आहे, पण बांधून आल्यावर तिच्यावर एकही शिक्का पडलेला नाही. 1857 च्या धामधुमीत झाशीपर्यंत जाऊन परत आलेल्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहून ठेवलं आणि ते आमच्या कपाटात नवीन कापडी पुठ्ठ्यात निपचित पडून. नोंदवहीच्या हिशेबानं ते पुस्तक ‘उपलब्ध’ होतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ते वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं होतं. अशा खातेदाराला बँक निदान पत्र तरी पाठवते.

आमच्या वाचन कक्षात डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांची तसबीर आहे. ग्रंथपाल दिनाला तिला हार घातला जातो. शेजारी त्यांची पाच सूत्रं रंगवलेला फलक. 1931 मध्ये त्यांनी ती पुस्तकरूपानं मांडली. ग्रंथ वापरासाठी आहेत आणि प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, ही पहिली दोन मला मान्यच होती. तिसरं सूत्र उलट बाजूनं बोलतं: प्रत्येक ग्रंथालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मी ते वर्षानुवर्षं सुविचारासारखं वाचत आलो होतो. त्यातला कामाचा भाग ग्रंथपाल मॅडमनी दाखवला. दुसऱ्या सूत्रात वाचक मागायला येतो आणि ग्रंथालय देतं. तिसऱ्यात पुस्तक मुकं आहे, त्याला मागता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं ग्रंथालयालाच पाऊल उचलावं लागतं. कपाटं खुली करणं, मांडणी बदलणं, पुस्तकांची प्रसिद्धी करणं, लोकांना वाचनालयात आणतील असे कार्यक्रम घेणं, हे सगळं रंगनाथन यांनी या तिसऱ्या सूत्राच्या पोटात घातलं आहे. म्हणजे ज्याला मी दुकानदारी म्हणत होतो, ते आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राच्या जनकानं नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी ग्रंथपालाचं कर्तव्य म्हणून लिहून ठेवलं होतं, आणि मी दर 12 ऑगस्टला त्याच माणसाच्या तसबिरीपुढे हात जोडत होतो.

पुढच्या सभेत प्रस्ताव पुन्हा आला, मी गप्प बसलो आणि तो मंजूर झाला. वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी एक लहान टेबल लागलं. पहिला विषय ‘दुष्काळ’.

त्यावर काय होतं ते सांगतो, कारण खरी गंमत तिथंच आहे. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, 1955 ची. अण्णाभाऊंची ‘फकिरा’, 1959 ची, उपाशी माणसांसाठी धान्य लुटणाऱ्या नायकाची. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’, विदर्भातल्या शेतकरी कुटुंबाची, जिला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. आनंद यादवांचं ‘झोंबी’. पी. साईनाथ यांच्या इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद ‘दुष्काळ आवडे सर्वांना’. फुल्यांच्या समग्र वाङ्मयाचा तो जाड खंड कुलपातून बाहेर आला. 1883 साली लिहिलेला ‘असूड’ जिथं सुरू होतो त्या पानात कागदाची पट्टी घातलेली. जोडीला रोजगार हमीवरची एक पुस्तिका आणि पाणलोट विकासावरचं एक सरकारी प्रकाशन, ज्याला एरवी कुणी हात लावला नसता. प्रत्येक पुस्तकापुढे हातानं लिहिलेली एका वाक्याची चिठ्ठी. ‘बनगरवाडी’पुढे लिहिलं होतं: ‘मास्तर तालीम उभी करतो आणि शेवटी गावच उठून जातं.’ सरकारी पुस्तिकेपुढे: ‘कोरडं वाटेल, पण तुमच्या शिवारातला बंधारा का फुटला ते यात आहे.’ कुठंही ‘अवश्य वाचा’ नाही, ‘अभिजात’ नाही. एवढी नेमकी चिठ्ठी लिहायची तर पुस्तक वाचलेलं असावं लागतं. फ्लेक्स लावायला वाचावं लागत नाही. फरक इथंच पडतो.

ही पुस्तकं शेजारी शेजारी आली तेव्हा मला न सुचलेली एक गोष्ट झाली. ती एकमेकांशी बोलू लागली. ‘फकिरा’तली भूक आणि ‘बारोमास’मधलं कर्ज यांच्यात जे अंतर आहे, त्या अंतरात विसाव्या शतकातला सारा महाराष्ट्र आहे. फुले जे प्रश्न सरकारला आणि समाजाला विचारतात, तेच शंभर वर्षांनी साईनाथ वेगळ्या आकड्यांनिशी विचारतात. कपाटात ही पुस्तकं एकमेकांना कधीच भेटली नसती. एकेका पुस्तकाची शिफारस मला तेव्हाही नको होती आणि आताही फारशी आवडत नाही. तिच्यात ‘मला आवडलं म्हणून तुम्हीही वाचा’ असा सूर असतो. विषयाच्या टेबलाला तो सूर नसतो. ते एक प्रश्न मांडतं आणि आठ-दहा वेगवेगळ्या तोंडांची उत्तरं समोर ठेवतं; त्यातली काही परस्परविरोधी असतात. माणूस आपलं निवडतो. माझी पक्षपाताची भीती इथं कमी झाली. एका माणसाच्या हातचं पुस्तक पक्षपाती असू शकतं. टेबल नीट मांडलं तर ते तसं राहू शकत नाही.

विषयाला जोडून एक संध्याकाळही ठेवली होती. मला वाटलं, आता व्याख्याता येणार. व्याख्याता नव्हताच. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या गावातल्या बायका-पुरुषांना बोलावलं होतं. हार नाही, दीपप्रज्वलन नाही, सतरंजी आणि खुर्च्या. मिलोच्या लाल भाकरीची चव, पोरांना मिळणारी सुकडी, हजेरीपटावर अंगठा, पगाराच्या दिवशीची रांग, हे सगळं तिथं ऐकायला मिळालं. एक आजी म्हणाल्या, खडीचा ढीग मोजायला साहेब यायचा तेव्हा मधली पोकळी दिसू नये म्हणून मोठे धोंडे आत आणि खडी वर रचायचो. सगळे हसले. मग मॅडमनी ‘बनगरवाडी’तल्या दुष्काळाचा भाग सावकाश वाचून दाखवला आणि हसणं थांबलं.

मागच्या खुर्च्यांवर अभ्यासिकेतली मुलं येऊन बसली होती. ही मुलं हा आमचाच नव्हे, महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या वाचनालयांचा नाजूक विषय आहे. सकाळी दार उघडायच्या आधी हजर, रात्री दिवे जाईपर्यंत खुर्चीवर. स्पर्धा परीक्षेची गाईडं आणि नोट्स घरून आणलेल्या. वाचनालयाचा पंखा, पाणी, शांतता वापरायची, पुस्तक मात्र वापरायचं नाही. मी त्यांना वाचक धरतच नव्हतो. त्या संध्याकाळी त्यांच्यातला एक काउंटरवर आला आणि निबंधाला उपयोगी पडेल म्हणून त्यानं साईनाथांचं पुस्तक नेलं. हेतू अगदी रोकडा. पुस्तक परत करताना मात्र त्यानं ढीग चाळला नाही. टेबलाकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘ते मास्तरवालं द्या.’’ परीक्षेत त्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि या गोष्टीशी त्याचा संबंधही नाही. दुसरं पुस्तक त्याला कुणी नेमलेलं नव्हतं, एवढं मला पुरे आहे.

कार्यक्रमांबद्दल माझा एक युक्तिवाद परंपरेचा होता: वाचनालय म्हणजे शांतता, गलका करायला सभागृहं आहेत. जरा मागं वळून पाहिल्यावर तोही टिकेना. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, सांगलीचं नगर वाचनालय 1869 चं. ही वाचनालयं शांत बसण्यासाठी निघालीच नाहीत. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून ऐकवणं, त्यावर वाद घालणं, व्याख्यानं ठेवणं, हे त्यांच्या जन्मापासूनचं. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केली, तीही वाचणाऱ्या माणसाला ऐकायची आणि ऐकणाऱ्याला वाचायची गोडी लागावी अशाच काळात. नाशिकच्या वाचनालयानं तर नाट्यगृह चालवलं. ‘शांतता राखा’ची पाटी आपल्याकडे परंपरा म्हणून मिरवते, पण ती मागाहून आली आहे. मी जिचा दाखला देत होतो ती परंपरा माझ्याच विरुद्ध साक्ष देत होती.

विषयवार वाचनाचं म्हणाल तर मराठी माणसाला ते कुणी शिकवायला नको. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण अंकांवर जगतो आहोत. कितीतरी दिवाळी अंक आणि विशेषांक एकेका विषयावर निघतात. आपण ते जपून ठेवतो, बांधून घेतो, उसने देतो. दिवाळीत आमच्या वाचनालयाची अंक योजना वर्षातली सगळ्यांत लोकप्रिय योजना असते. मग ‘एका विषयाभोवती वेगवेगळ्या लेखकांना एकत्र आणणं’ ही कल्पना परकी कशी? संपादकानं केली तर कौतुक आणि ग्रंथपालानं केली तर आगाऊपणा, असा माझाच दुटप्पीपणा होता.

बाहेर काय चाललंय तेही पाहून आलो. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं भिलार 4 मे 2017 रोजी पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून कल्पना घेतलेली. पण तिथं पुस्तकं विकतात, भिलारमध्ये ती बसून वाचायची आहेत, फुकट. मी जरा नाक मुरडतच गेलो होतो. स्ट्रॉबेरी खायला येणाऱ्यांसाठी केलेला देखावा असेल असं वाटलं होतं. देखावा थोडा आहेच. पण घराघरांतून विषय वाटून दिले आहेत: एका घरी संत साहित्य, एका घरी चरित्रं, कुठं कविता, कुठं विनोद, कुठं बालसाहित्य. वाचक विषय निवडतो आणि त्या घरी जातो. दारात वर्गांक नाही, विषयाचं नाव आहे. दुसरा नमुना नाशिकचा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात 2009 पासून शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाला दिली जाते, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. या पेट्या दुबईतल्या मराठी माणसांपर्यंत पोचल्या. पेटीत काय आहे ते वाचक ठरवत नाही. माझ्या जुन्या तत्त्वाप्रमाणे हा वाचकाच्या स्वातंत्र्यावर घालाच. प्रत्यक्षात पेटीमुळे माणसं अशी पुस्तकं उघडतात, जी त्यांनी स्वतः होऊन कधी मागितली नसती. कारण त्या पुस्तकांची नावंच त्यांना माहीत नसतात. माहीत नसलेलं मागता येत नाही, ही साधी गोष्ट मला इतक्या वर्षांत कळायला हवी होती.

टेबलाचा आणखी एक फायदा झाला, तो माझ्यातल्या हिशेबनिसाला सर्वांत जास्त पटला. विषय मांडायला घेतला की संग्रहातली भोकं दिसतात. ‘स्वयंपाकघर’ असा विषय ठेवला तेव्हा कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’च्या जीर्ण झालेल्या प्रती एकाहून अधिक निघाल्या, दुर्गाबाई भागवतांचं ‘खमंग’ निघालं, पथ्यपाण्याची, उपवासाची, केक-बिस्किटांची पुस्तकं निघाली. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ नव्हतं. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजायचं आणि का, हे सांगणारं 2015 चं पुस्तक. ते नव्हतं हे आमच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण कुणी मागितलं नव्हतं. नोंदवही फक्त असलेल्याचा हिशेब देते. नसलेल्याचा हिशेब टेबलानं दिला: महाराष्ट्राचं स्वयंपाकघर म्हणून आम्ही फक्त काही घरांची स्वयंपाकघरं जमवली होती. पक्षपात टेबलावर येईल म्हणून मी घाबरत होतो. तो कपाटात आधीपासून बसलेला होता. पुढच्या खरेदीत ते पुस्तक आलं.

इतकं सगळं झाल्यावरही काही गोष्टींवर मी जागचा हललेलो नाही, तेही सांगून टाकतो. ज्या कार्यक्रमात पुस्तक टेबलावर नसतं, तो वाचनालयाचा कार्यक्रम नव्हे. वाचन प्रेरणा दिनाला मुलांच्या हातात पुस्तकं देऊन फोटो काढायचा आणि फोटो झाला की पुस्तकं गोळा करायची, हा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. तो मला आजही चीड आणतो. पुस्तकांपेक्षा मोठा फ्लेक्स, पुस्तकांपेक्षा जास्त खर्चाचा सत्कार, याला माझी हरकत कायम आहे. आणि शांतता हवी असलेल्या माणसाला शांत खोली मिळालीच पाहिजे. ज्याच्या घरात एकच खोली आहे त्याच्यासाठी वाचनालयातली शांतता ही चैन नसते.

म्हणून आमच्या मंडळानं काही साधे नियम केले आणि त्यांच्या बाजूनं यावेळी मीच बोललो. टेबलावरचं पुस्तक कपाटात कुठं होतं तिथं एक पाटी ठेवायची, म्हणजे शोधणाऱ्याचा खोळंबा होत नाही. टेबलावरचं पुस्तक लगेच घरी नेता आलं पाहिजे. शोभेला ठेवून द्यायचं नाही. विषय महिन्याला बदलायचा, आणि एका माणसानं सलग विषय ठरवायचा नाही, सभासदांनीही सुचवायचे. प्रत्येक टेबलावर निदान एक पुस्तक असं असावं, जे विषय ठरवणाऱ्याला स्वतःला पटत नाही. कार्यक्रमाचं यश टाळ्यांवर मोजायचं नाही. त्या आठवड्यात त्या विषयाची किती पुस्तकं घरी गेली ते वहीत लिहायचं. या शेवटच्या नियमाला कुणी हसलं तर हसो. बँकेतल्या माणसाला आकडा लागतोच.

कपाटंही आता अर्धी खुली झाली आहेत. पुस्तकं हरवतील ही भीती होती. थोडी हरवली. कुलपात पडून वाळवीनं खाल्ली त्याहून कमी.

1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे आज राज्यात अकरा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त ग्रंथालयं आहेत. अनुदान तुटपुंजं आहे, कर्मचाऱ्यांचं मानधन त्याहून तुटपुंजं, हे गाऱ्हाणं खरं आहे आणि ते सरकारदरबारी मांडत राहिलंच पाहिजे. पण एक टेबल, दहा पुस्तकं आणि हातानं लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या यांना अनुदान लागत नाही. लागतो तो फक्त पुस्तकं वाचलेला माणूस.

तेव्हा माझ्यासारख्या जुन्या कार्यकारिणी सदस्यांना विनंती: तुमच्या ग्रंथपालानं असा प्रस्ताव आणला तर हरकत नोंदवण्याआधी एकदा पडताळणीला बसा आणि पुस्तकं मागून उघडून बघा. आणि सभासदांना विनंती: पुढच्या वेळी काउंटरवर ‘काय आलंय’ विचारू नका. तुमच्या मनात घोळणारा एखादा विषय सांगा, मग तो कर्ज असो, म्हातारपण असो, नाहीतर मुलीचं लग्न, आणि म्हणा, यावर काय काय आहे ते काढून ठेवा. ग्रंथपालाचं काम तिथून सुरू होतं.